पार्श्वभूमी : कुराश, कमरपट्टा आणि जकार्तातला 52 किलो गट

जकार्ता आशियाई स्पर्धेत 28 ऑगस्ट 2018 रोजी महिलांच्या 52 किलो कुराशीची (जाकीट घालून उभ्याने लढायची उझबेकिस्तानातली कुस्ती) चार पदके वाटली गेली. दोन उझबेकिस्तानला, दोन भारताला. अंतिम लढत भारतीय खेळाडूने 0-10 अशी गमावली आणि रौप्य मिळवले. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळते. त्यातले एक बेळगाव जिल्ह्यातल्या मुलीने आणले. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये या खेळाला कुणी 'पट्ट्याची कुस्ती' म्हटले, कुणी 'उझबेकी कुस्ती', तर कुणी नुसतेच 'कुस्तीचा प्रकार'. त्यातले पहिले नाव सर्वांत जास्त चिकटले आणि तेच सर्वांत जास्त चुकीचे आहे.

घोळ मुळात शब्दाचा आहे. उझबेकी कुराश, कझाक कुरेस, तातार कोरेश, तुर्कमेन गोरेश, तुर्की गुरेश हा सगळा एकच शब्द, आणि अर्थ एवढाच : कुस्ती. उद्या कुणी 'कुस्ती' हे नाव फक्त कोल्हापूरच्या मातीपुरते नोंदवून टाकले तर हरियाणातले पैलवान काय म्हणतील? (पैलवान हा शब्द तिकडेही आहे, 'पोल्वॉन' या रूपात.) 1998 मध्ये ताश्कंदला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा नेमके हेच झाले. सर्वांचा शब्द एका नियमावलीचे नाव झाला.

त्यातही उझबेकिस्तानात स्वतःच्याच दोन रीती होत्या. फरगाना खोऱ्यातली रीत खरी पट्ट्याची. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि तिथूनच उचलायचे. बुखाऱ्याकडे अंगरख्याला कुठेही पकड घालता येते. आंतरराष्ट्रीय कुराश उभी राहिली ती बुखाऱ्याच्या रीतीवर. म्हणजे जकार्तात दिसलेल्या निळ्या-हिरव्या जाकिटांवर पट्टा होता, पण लढत पट्ट्याची नव्हती. पट्ट्याचे मुख्य काम हद्द दाखवण्याचे : त्याच्या खाली हात घालायचा नाही.

पट्ट्याची म्हणावी अशी कुस्ती 2013 च्या कझान विद्यापीठ स्पर्धेत झाली, महिलांसह. रशियातल्या तातारस्तानच्या राजधानीत ती असणे साहजिक होते, कारण साबांतुयच्या जत्रेत पंचा कमरेला गुंडाळून कोरेश खेळायची आणि जिंकणाऱ्याला मेंढा द्यायची तिथली चाल. यजमान देशाने त्या स्पर्धेत 155 सुवर्णपदके नेली. दुसऱ्या क्रमांकावरच्या चीनची 26. यजमानांना आवडीचे खेळ निवडू दिले की काय होते, ते या आकड्यांत दिसते. आशियाई स्पर्धेतल्या कुराशीवरही हाच आक्षेप घेतला जातो, पण जकार्तात यजमान इंडोनेशिया होता, हे आक्षेप घेणारे विसरतात.

आंतरराष्ट्रीय कुराशचे नियम बांधणारा माणूस साम्बो (रशियन कुस्तीप्रकार) आणि ज्युदोतून आलेला होता आणि ते जाणवते. लढत उभ्यानेच. गुडघा टेकला की पंच 'तोख्ता' म्हणून थांबवतो. प्रतिस्पर्धी जोरात पाठीवर पडला तर 'हलोल', तिथेच विजय. हा आपल्या 'नमकहलाल'मधलाच हलाल, म्हणजे चोख, रीतसर. कुशीवर पाडले तर 'योनबोश', दोन योनबोशचा एक हलोल. 'चाला' म्हणजे अर्धवट. आपल्या चितपटच्या जवळ जाणारे हे सगळे, फक्त खाली दाबून धरण्याला इथे काडीची किंमत नाही. ज्युदोने पायाला हात घालण्यावर 2010 पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा दोन्ही खेळ आणखी जवळ आले. भारताच्या दोन्ही पदकविजेत्या ज्युदोच्या होत्या, यात मग नवल उरत नाही. रौप्य मिळवणाऱ्या मुलीला उझबेकिस्तानात सरावाला पाठवायला गावाने वर्गणी काढली होती, हेही त्या पदकाच्या हिशेबात धरायला हवे.

जुन्या इतिहासाबद्दल प्रचारपत्रकांत 'साडेतीन हजार वर्षे' वगैरे छापले जाते. ते बाजूला ठेवलेले बरे. बायकांपुरते बोलायचे तर मार्को पोलोने सांगितलेली, मध्य आशियातल्या कैदू खानाच्या मुलीची गोष्ट आहे. लग्नाला आलेल्याने तिला हरवावे, नाहीतर शंभर घोडे द्यावेत, अशी तिची अट. घोडे दहा हजार झाले, नवरा मिळाला नाही. पण लग्नात आणि नवरोजला रंगणारा उझबेकी आखाडा पुरुषांचाच राहिला. महिलांचे गट आले ते मैदानी परंपरेतून नव्हे, संघटनेच्या कागदावरून. आशियाई ऑलिम्पिक परिषदेची मान्यता 2003 ची, इनडोअर स्पर्धेत प्रवेश हनोईला 2009 मध्ये.

मुख्य आशियाई स्पर्धेतही वाटणी समान नाही. जकार्तात पुरुषांचे चार गट, महिलांचे तीन : 52, 63 आणि 78 किलो. हांगझोऊला 2023 मध्ये पुरुषांचे चारही वजनगट तसेच ठेवले, महिलांचे मात्र 52, 70 आणि 87 केले. म्हणजे 63 किलोच्या मुलीने एकतर अकरा किलो उतरवायचे, नाहीतर सात किलो जड प्रतिस्पर्ध्यांशी लढायचे. 52 चा गट तेवढा वाचला. त्यात भारताला या वेळी पदक मिळाले नाही.