हवाई अंतर व उड्डाणकाल (कोकण किनारा)

हवाई अंतर : दोन विमानतळांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत कमी लांबी. ती बृहद्‌वृत्तावर मोजतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेले वर्तुळ ते बृहद्‌वृत्त. मुंबई–लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किमी. (३,९०० सागरी मैलांच्या आसपास) भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास ते जवळजवळ २०० किमी. वाढते. मुंबई ते चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) हे अंतर सुमारे ३५० किमी. असून, किनारा जवळपास रेखावृत्ताला धरून असल्याने, तेथे दोन्ही मार्गांत फरक उरत नाही.

अंतर वेळेत सांगण्याची रीत या समुद्रावर विमानापेक्षा फार जुनी आहे. अरबी समुद्रातील नाविक ‘झाम’ हे माप वापरीत. तुर्की नाविक सीदी अली रईस (१६ वे शतक) त्याचे दोन अर्थ देतो : व्यवहारात अहोरात्राचा आठवा भाग, म्हणजे तीन तासांची वाटचाल, आणि शास्त्रात ध्रुवतारा एक ‘इसबा’ (बोट; आकाशातील कोन मोजण्याचे माप) वर-खाली होण्यासाठी लागणाऱ्या अंतराचा आठवा भाग. पूर्ण वर्तुळाचे इसबा किती, यावर एकमत नाही. २२४ मानल्यास एक झाम सुमारे २२ किमी., २१० मानल्यास सुमारे २४ किमी. येतो. झाम हा संस्कृत ‘याम’ (प्रहर) शब्दापासून आला, असे एक मत आहे. ते निर्विवाद नाही. तथापि दोहोंचा काल तीन तासच असल्याने प्रस्तुत नोंदलेखकास ते अधिक सयुक्तिक वाटते. या मापाने मुंबई–चिपी अंतर सुमारे १५ ते १६ झाम होते, म्हणजे वारा अनुकूल असता गलबताचे जवळजवळ दोन दिवस. तांडेलाला (गलबताच्या प्रमुखाला) किलोमीटरपेक्षा हाच आकडा उपयोगी होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

उड्डाणकाल : वेळापत्रकातील वेळ केवळ आकाशातील नसते. चाकांपुढचे अडसर काढून विमान हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची ती असते. त्यामुळे ताशी सुमारे ५०० किमी. वेगाच्या एटीआर ७२ विमानालाही मुंबईहून चिपीसाठी सव्वा ते दीड तास दाखवीत. मुंबईच्या धावपट्टीपाशी रांगेत गेलेली मिनिटे त्यातच आली. लंडनहून येताना पश्चिमेकडून वाहणारे उंचीवरचे वेगवान वारे पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास साधारणतः तासभर कमी होतो. हवाई हद्दी बंद झाल्यास (उदा., २०१९ मध्ये पाकिस्तानची) वळसा पडतो, अंतराचा आकडा तोच राहतो, वेळ वाढते.

एअर इंडियाची मुंबई–लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनीव्हामार्गे सुरू झाली. चिपीच्या जांभ्याच्या सड्यावरील (खडकाळ पठारावरील) २,५०० मी. धावपट्टीवरून प्रवासी सेवेस ९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रारंभ झाला. पावसाळ्यात ढग सड्यापर्यंत उतरले की विमान घिरट्या घालीत थांबते किंवा परत फिरते.