जुन्या स्पॅनिश घराण्यांचे कागद इंग्रजीत आणताना

'इखोदाल्गो नोतोरियो दे सोलार कोनोसीदो.' घराण्याच्या जुन्या स्पॅनिश कागदांत अशी ओळ वारंवार भेटते. शब्दाला शब्द लावला की 'नोतोरियो'चं इंग्रजीत 'नोटोरियस', म्हणजे कुप्रसिद्ध, होतं आणि 'सोलार'चा संबंध सूर्याशी जोडला जातो. 'इखोदाल्गो' हे 'इदाल्गो'चंच जुनं रूप; इदाल्गो म्हणजे खालच्या दर्जाचा कुलीन. मूळ अर्थ असा: या माणसाचं इदाल्गोपण सर्वांना ठाऊक आहे आणि घराण्याचं मूळ ठिकाणही माहीत आहे. 'सोलार' म्हणजे घराणं जिथून निघालं ती घराची जागा.

'इदाल्गो' हा शब्द आम्ही तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे समजावतो. त्याचा गाभा करमाफीत आहे. 'पेचो' हा कर भरणारा तो पेचेरो; इदाल्गोला तो माफ. कित्येक इदाल्गो गरीब होते, त्यामुळे 'नोबलमन' म्हटलं की वाचकापुढे नसलेला वाडा उभा राहतो. देशमुखाला 'लॉर्ड' म्हटलं की वसुलीचा हक्क निसटतो, तसंच हे. (गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतला 'फिदाल्गो' याचाच सख्खा भाऊ.)

सर्वांत जास्त घोटाळा 'कार्ता एखेकुतोरिया'चा होतो. चामड्याची पानं, रंगीत नक्षी, सुरुवातीला राजाचं नाव. साहजिकच घरचे लोक म्हणतात, राजानं किताब दिला. पण गावानं करयादीत नाव घातलं म्हणून माणूस वायादोलिद किंवा ग्रानादाच्या चान्सिलेरियात, म्हणजे वरिष्ठ न्यायालयात, दाद मागायचा. बाप-आजा कर भरत नव्हते, अशा साक्षी व्हायच्या. खटला जिंकल्यावर हातात यायचं ते हे पत्र. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सनद नव्हे, निवाडपत्र. म्हणून इंग्रजीत आम्ही 'फायनल जजमेंट' लिहितो, 'ग्रँट' कधीच नाही.

'लिंपिएसा दे सांग्रे', रक्तशुद्धी, ही वेगळी बाब. पूर्वजांत ज्यू किंवा मुसलमान नाहीत, एवढंच तिथे सिद्ध करायचं असे. १४४९ साली तोलेदोत ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना नगराच्या अधिकारपदांवरून दूर ठेवणारा ठराव झाला. पुढे अशा अटी अनेक संस्थांत आल्या. साधा शेतकरीही 'शुद्ध' ठरू शकत होता, म्हणून त्या कागदावरून कुलीनपणा मानू नका. शब्द बोचरा आहे, पण आम्ही तो सौम्य करत नाही. ज्यांना त्यापायी दारं बंद झाली, त्यांच्याशी ते अप्रामाणिकपणाचं होईल.

कागद पाठवताना पूर्ण पानाचा फोटो काढा, समासासकट. समासातल्या बारीक नोंदीही आम्हाला लागतात. न लागलेलं अक्षर आम्ही अंदाजानं भरत नाही. तिथे चौकटी कंस दिसेल.