नागरी विमानांच्या रचनेतील आभासी वास्तव

नागरी विमानाचा पहिला सुटा भाग कारखान्यात तयार होण्याआधीच त्याच्या त्रिमितीय संगणकीय आराखड्यात खऱ्या मापाने वावरून जागा, हाताची पोहोच आणि नजरेचा आवाका तपासण्यासाठी आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिॲलिटी) हे तंत्र वापरले जाते. त्यासाठी डोळ्यांवर चढवायचा हेडसेट किंवा भिंतींवर व जमिनीवर चित्रे प्रक्षेपित करणारी ‘केव्ह’ ही खोली वापरतात. अशी खोली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने 1992 मध्ये प्रथम सादर केली.

पूर्वी ही तपासणी लाकूड व धातूच्या पूर्णाकृती सांगाड्यांवर होई आणि आराखडा बदलला की सांगाडाही बदलावा लागे. बोईंग 777 (पहिले उड्डाण 12 जून 1994) हे संपूर्णपणे संगणकावर आखलेले पहिले प्रवासी जेट मानले जाते. फ्रेंच कंपनी दासो सिस्टिम्सच्या कॅटिया या संगणकीय आराखडा-प्रणालीवर त्याचे भाग पडद्यावरच जुळवून पाहिले गेले. मात्र दोन भाग एकमेकांवर आदळत नाहीत एवढे पडद्यावर दिसले, तरी त्यांच्यामधून माणसाचा हात जाईल का, हे तितक्या सहज कळत नाही.

देखभालीच्या कामात हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चाकांच्या कप्प्यातला हायड्रॉलिक पंप काढता येईल का, हे पाहणारा तंत्रज्ञ हेडसेट घालून गुडघ्यांवर बसतो, मान वळवतो आणि हातातला नियंत्रक पान्यासारखा फिरवतो. पाना शेजारच्या नळीला अडला, तर ती जागा रंग बदलून दाखवली जाते. दोष या टप्प्यावर सापडला तर नळीचा मार्ग बदलून भागते. विमाने सेवेत गेल्यावर तीच दुरुस्ती प्रत्येक विमानात करावी लागते. अर्थात, नसलेल्या भिंतीला टेकता येत नाही आणि पंपाचे वजनही जाणवत नाही, म्हणून खरी आसने, पायऱ्या किंवा कठडे चित्राशी जुळवून मांडावे लागतात.

आराखड्यातली चूक हे तंत्र आपोआप दुरुस्त करत नाही. एअरबस ए380 या प्रवासी विमानाच्या वेळी जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि फ्रान्समधील तुलूझ येथील गट कॅटियाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. परिणामी, एका विमानातील सुमारे 530 किलोमीटर तारांच्या जुळणीत गोंधळ झाला, काही तारांची लांबी अपुरी पडली आणि 2006 मध्ये विमानांचे वितरण लांबणीवर टाकावे लागले.

प्रमाणनाच्या, म्हणजे विमानाला उड्डाणासाठी अधिकृत मान्यता देण्याच्या, बाबतीत या तंत्राचे स्थान, योग्यच म्हणावे लागेल, दुय्यम राहिले आहे. 44 पेक्षा अधिक प्रवासी आसने असलेले विमान निम्म्या दारांतून 90 सेकंदांत रिकामे होते, हे दाखवण्यासाठी प्रत्यक्ष माणसांची चाचणी हाच मूळ आधार आहे, कारण गर्दीची धक्काबुक्की आणि दाराशी होणारा क्षणभराचा संकोच हेडसेटमध्ये खात्रीने उतरत नाही. ए380 ची ही चाचणी मार्च 2006 मध्ये हॅम्बुर्गला अंधारात झाली आणि 16 पैकी 8 दारांतून 873 जण 78 सेकंदांत बाहेर पडले.