तुमचा पासवर्ड कितव्या नंबरावर?

गाडीचा नंबर पासवर्ड म्हणून ठेवायला सोपा. गोव्याचा 'जीए', आरटीओचा दोन आकडी कोड, एक अक्षर, चार आकडे. सगळं मिळून नऊ जागा. प्रत्येक जागी २६ अक्षरं आणि १० आकडे शक्य धरले, तर ३६ चा नववा घात, म्हणजे सुमारे १०० लाख कोटी शक्यता. आकडा पाहून धीर येतो. पण फोडणारा असा हिशेब करत बसत नाही. 'जीए' त्याला ठाऊकच आहे. कोड १२ धरा, अक्षरं २६, चार आकड्यांच्या जुळण्या १०,०००. गुणाकार येतो ३१ लाख २० हजार. पासवर्डची ताकद बिटांत मोजतात, एक बिट वाढला की शक्यता दुप्पट. ४६ बिटांचा वाटलेला पासवर्ड २२ बिटांचाही भरत नाही.

म्हणून ताकद मोजायची ती 'अंदाज क्रमांका'ने. सर्वांत संभाव्य पासवर्ड आधी, मग त्याच्या खालचा, अशी ओळ लावली तर तुमचा कितवा येतो? ही ओळ खऱ्या फुटलेल्या पासवर्डांवरून लावतात. २००९ साली 'रॉकयू' या कंपनीकडचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड उघडे पडले. त्यांत पहिला नंबर '१२३४५६'चा, जवळपास २ लाख ९० हजार वेळा!

आता 'शांतादुर्गा' घ्या. इंग्रजी अक्षरांत कोणी 'श' एस-एचने लिहील, रोमी कोंकणीची सवय असलेला एक्सने. त्याने फोडणाऱ्याचं काम फक्त दुप्पट होतं, म्हणजे ताकद वाढली एका बिटाने. पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी '@१२३' या युक्त्या तर 'हॅशकॅट' या पासवर्ड फोडायच्या प्रोग्रामसोबत येणाऱ्या नियमांच्या फायलींत तयारच असतात.

खाते उघडताना पासवर्डची ताकद दाखवणारी हिरवी पट्टी इथेच फसते. 'झेडएक्ससीव्हीबीएन' ही बरीच वापरली जाणारी मोजणी ० ते ४ गुण देते. ४ गुणांना किमान १,००० कोटी अंदाज लागायला हवेत. तिच्या शब्दयाद्या मुख्यतः इंग्रजी. यादीत न सापडलेल्या शब्दाचं प्रत्येक अक्षर ती दहापट धरते. त्यामुळे इंग्रजी लिपीत अकरा अक्षरांचं एखादं देवाचं नाव तिला अनोळखी ठरलं, तर अंदाज १०,००० कोटींवर जातो आणि पट्टी हिरवीगार. गोव्यातल्या एखाद्या पतसंस्थेने ती बसवताना देवळांची नावं, गावं त्यांच्या सगळ्या स्पेलिंगांसह (म्हापशाचीच किती!), ४०३ ने सुरू होणारे पिनकोड आणि खातेदाराचं नाव यांची यादी सोबत द्यावी. त्याची सोय त्यात आहे. प्रोग्रामर मंडळी अनेकदा ती यादी रिकामी सोडतात.

क्रमांक कळला की वेग पाहायचा. लॉगिनच्या पानावर काही चुकांनंतर खातं अडतं, तिथे फोडणाऱ्याला मोजकेच अंदाज मिळतात. सर्व्हरवरची फाइल चोरीला गेली तर मात्र त्याला अडवणारं कोणी नाही. फाइलीत पासवर्ड उलटा सोडवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतात. ते 'एमडी५' या जुन्या, झटपट पद्धतीने साठवले असतील, तर 'आरटीएक्स ४०९०' हे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी अंदाज तपासतं. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेला आठ चिन्हांचा पासवर्डही साडेअकरा तासांच्या आत संपतो. 'बीक्रिप्ट' ही साठवायची दुसरी पद्धत मुद्दाम संथ आहे. किती संथ, ते तिच्या 'कॉस्ट' या आकड्यावर ठरतं; तो एकाने वाढला की काम दुप्पट. कॉस्ट ५ ठेवली तर त्याच कार्डाचा वेग सेकंदाला जेमतेम १ लाख ८४ हजार, आणि त्याच पासवर्डाला अकराशे वर्षांवर लागतील.

गाडीच्या नंबराला मात्र १७ सेकंद. कॉस्ट १० केली तर नऊ मिनिटं.