पत्रकारितेचे सहायक प्राध्यापक व्हायचे आहे? पात्रता, नेट-सेट आणि कागदपत्रांची माहिती

वर्तमानपत्रात किंवा वाहिनीत काही वर्षे काढल्यावर अनेकांना शिकवावेसे वाटते. विद्यार्थ्यांनाही असेच शिक्षक हवे असतात, ज्यांनी रात्रीची पाळी केली आहे आणि कोर्टाची बातमी लिहिली आहे. पण महाविद्यालयातला अर्ज छाननीला जातो तेव्हा समितीपुढे तुमच्या बातम्या नसतात, गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे असतात. म्हणून वर्गात जाण्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असतानाच, कागदांच्या मागे लागा असे मी प्रत्येकाला सांगतो. ही माहिती मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या इच्छुकांसाठी आहे.

पदविका पुरत नाही

सहायक प्राध्यापकपदाची पात्रता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत दिली आहे. संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी (नॉन क्रीमीलेअर) आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के पुरतात. ५४.८ चे ५५ करून घेता येत नाहीत.

पत्रकारांची गाडी अडते ती इथेच. पदवी मराठी किंवा राज्यशास्त्राची आणि वर पत्रकारितेची एक वर्षाची पदविका, असे शिक्षण असलेले पत्रकार खूप आहेत. ही पदविका नोकरीला उपयोगी पडते, मात्र प्राध्यापकपदासाठी तिला पदव्युत्तर पदवी मानत नाहीत. तुमची पदव्युत्तर पदविका पदव्युत्तर पदवीच्या तोडीची मानली जाते का, हे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून आधी तपासून घ्यावे लागते. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूची पत्रकारिता व जनसंज्ञापनातली एम.ए. दूरस्थ पद्धतीने करता येते. इतर कोणत्याही दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी त्याला त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे का, ते पाहा.

गुणपत्रिकेवर टक्के नसून फक्त सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर टक्केवारीत रूपांतराचे पत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागून ठेवा. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते आणि जाहिरातीची मुदत संपत आल्यावर ते पत्र हाती पडेलच असे नाही.

नेट की सेट?

पदव्युत्तर पदवीबरोबर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. जमल्यास दोन्ही द्या. नेट राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहे. डिसेंबर २०१८ पासून ती एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते, साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. आपल्या विषयाचा क्रमांक ६३. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, एकूण वेळ ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही, ती फक्त जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला) आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही नेटला बसता येते.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिचा आराखडा नेटसारखाच आहे आणि पहिला पेपर मराठीतही असतो. मात्र या सेटवर हैदराबाद, इंदूर किंवा बडोद्याच्या महाविद्यालयात अर्ज करता येणार नाही, तिथे नेट लागते. दोन्ही परीक्षांत दोन्ही पेपर मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४० आणि राखीव प्रवर्गाला ३५ टक्के गुण हवेत. तेवढे मिळाले म्हणजे उत्तीर्ण झालात असे होत नाही, कारण बसलेल्यांपैकी साधारण वरचे ६ टक्केच पात्र ठरवले जातात. प्रमाणपत्र सहायक प्राध्यापकपदासाठी कायम ग्राह्य राहते.

यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या नियमांनुसार पीएचडी झाली असेल तर नेट-सेटमधून सूट आहे. विद्यापीठ विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार म्हणून मधली काही वर्षे धास्ती होती. ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने ती सक्ती उठली.

प्रवर्गाचा दाखला

राखीव प्रवर्गातून फॉर्म भरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. चांगले गुण मिळवलेली मुले केवळ दाखल्यापायी मागे राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

नेटसाठी केंद्र सरकारची यादी चालते. तिथे विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे रकाने नसतात. यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपल्या जातीचे नाव त्या यादीत कसे लिहिले आहे ते पाहा आणि सेतू केंद्रावर ‘केंद्र सरकारसाठीचा नमुना’ असे स्पष्ट सांगूनच दाखला काढा. राज्याच्या नोकरीसाठी काढलेले नॉन क्रीमीलेअर इथे उपयोगी पडत नाही. २०२४ च्या कायद्याने महाराष्ट्रात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गाला १० टक्के आरक्षण मिळाले, पण केंद्रात तो प्रवर्ग नाही. या उमेदवारांनी निकषात बसत असल्यास नेटसाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) केंद्रीय नमुन्यातला दाखला घ्यावा.

महाविद्यालयाच्या जाहिरातीला मात्र राज्याचे प्रवर्ग लागू होतात. तिथे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू असलेले नॉन क्रीमीलेअर आणि अधिवास दाखला, असा सगळा संच लागतो. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते आज नसेल तर आजच अर्ज टाका.

जाहिरात आल्यावर

पूर्णवेळ पदाची जाहिरात वर्तमानपत्रात आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर येते. तिच्यात तीन गोष्टी शोधा: पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, कोणत्या प्रवर्गाचे आहे आणि अर्ज किती दिवसांत पोचायला हवा. बीएएमएमसीसारखे माध्यमांचे पदवी अभ्यासक्रम बहुतांश महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. त्यामुळे सातव्या वेतन आयोगाचे ५७,७०० रुपयांचे सुरुवातीचे मूळ वेतन गृहीत धरू नका, मुलाखतीआधी विचारून घ्या. राखीव पदासाठी अर्जाची प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडेही पाठवायला सांगितलेले असते. ती पाठवल्याची पोच जपून ठेवा. आधीच कुठे नोकरीत असाल तर अर्ज त्या संस्थेमार्फत किंवा तिच्या ना हरकत प्रमाणपत्रासह जातो.

अर्जाला दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका (पदवीच्या प्रत्येक सत्राच्या), पदवी प्रमाणपत्रे, नेट-सेटचे प्रमाणपत्र, दाखले आणि अनुभवपत्रे जोडतात. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत लावा. नावाच्या फरकावरून अर्ज बाजूला पडू शकतो.

उमेदवार जास्त असतील तेव्हा मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते १०० गुणांच्या तक्त्यावर ठरते. महाविद्यालयासाठी पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तर पदवीला २५, पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १० (नुसत्या नेटला ८, सेटला ५), शोधनिबंधांना ६, अध्यापनाच्या अनुभवाला १० आणि पुरस्कारांना ३. वृत्तपत्रातल्या अनुभवाचा रकानाच नाही. माध्यमांसारख्या विषयात हे मला चूक वाटते, पण आज नियम असा आहे. त्या अनुभवाचे वजन मुलाखतीत दाखवावे लागते, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे हे तक्त्याचे गुण फक्त बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवर होते.

अध्यापनाच्या रकान्यात वर्षाला २ गुण मिळतात. म्हणून तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर दर वर्षाच्या शेवटी कागद घ्या: नेमणूकपत्र, कोणत्या वर्गाला किती तास शिकवले याचा उल्लेख असलेले अनुभवपत्र, आणि विद्यापीठाची मान्यता मिळाली असल्यास तिचे पत्र. प्राचार्य बदलले की जुने पत्र मिळवताना दमछाक होते.

पुस्तक लिहायचे असेल तर

पाठ्यपुस्तक लिहिण्याची घाई करू नका. पहिल्या नोकरीच्या तक्त्यात मोजतात ते समकक्ष परीक्षणातून (विषयतज्ज्ञांनी तपासून) छापलेले शोधनिबंध, प्रत्येकी २ गुण. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून आता स्वतःच सावध राहायला हवे.

पुस्तकाचा उपयोग सहयोगी प्राध्यापकपदाच्या वेळी होतो. तिथे संशोधनाचे किमान ७५ गुण लागतात. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १०, पुस्तकातल्या एका प्रकरणाला ५ आणि अनुवादित पुस्तकाला ८ गुण आहेत. मराठीत माध्यमविषयाची चांगली क्रमिक पुस्तके कमी आहेत, म्हणून या ८ गुणांकडे मी विशेष लक्ष वेधतो. अनुवादापूर्वी मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी मात्र हवीच.

पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक लागतो. तो शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था ऑनलाइन देते, तेही विनाशुल्क. एरवी प्रकाशक तो घेतो, पण स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्यासाठी ओळखपत्र आणि पुस्तकाच्या शीर्षक पृष्ठाचा मजकूर तयार ठेवा. क्रमांकासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत इतर तीन ग्रंथालयांना पाठवायची असते.

पदवी नाही, पण अनुभव मोठा आहे

अशांसाठी यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट काढली. किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा, असेल तर औपचारिक पदवी किंवा नेटची अट नाही. संस्थेतल्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका होतात. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे, अपवाद म्हणून आणखी एक. संस्था यासाठी नामांकने मागवते. स्वतःचे नाव पुढे करायचे तर सविस्तर परिचय आणि आपण विद्यार्थ्यांना काय देऊ शकतो याचे थोडक्यात टिपण कुलगुरू किंवा संचालकांकडे पाठवावे.