नाशिकचा पिनकोड कापरेकरांच्या कसोटीवर

४२२००१ हा नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड. घटकाभर पत्ता विसरून त्याच्याकडे चार लाख बावीस हजार एक ही नुसती संख्या म्हणून बघू.

पहिली चौकशी अवयवांची. ४२२००१ = ३ × ३ × ४६८८९, आणि ४६८८९ ही मूळ संख्या आहे. २१७ च्या आतल्या कुठल्याच मूळ संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही, आणि तिचं वर्गमूळही २१७ च्या आतच आहे. त्यामुळे पुढे तपासायची गरज उरत नाही. म्हणजे ४२२००१ चे विभाजक सहाच. ती स्वतः वगळून उरलेल्या पाचांची बेरीज १,८७,५६९, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ही 'न्यून' संख्या.

ही चौकशी युक्लिडच्या काळापासूनची. पुढची मात्र देवळालीची. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) तिथे शाळेत शिकवत आणि उरलेला वेळ आकड्यांना देत. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण त्यांच्या बाकीच्या कसोट्या मला जास्त मोलाच्या वाटतात.

अंकांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला तर ती हर्षद संख्या. ४+२+२+०+०+१ = ९, आणि नवाने भाग जातो. नाशिक हर्षद! दुसरी कसोटी वर्गाची. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे मिळवले, २०४०८ + १२२४४९, की पुन्हा १४२८५७. ही कापरेकर संख्या. आपल्या संख्येचा वर्ग १७८०८४८४४००१. तुकड्यांची बेरीज १०,२२,०८५. इथे नाशिक नापास.

तिसरी कसोटी सर्वांत सुंदर. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २३ + ५ = २८. म्हणजे २८ ची जनक २३. पण २० ला जनकच नाही. अशा संख्या स्वयंभू. ४२२००१ ची जनक शोधायला सगळ्या संख्या चाळाव्या लागत नाहीत. सहा अंकांची बेरीज फार तर ५४, म्हणून जनक असलीच तर मागच्या ५४ संख्यांतच. शिवाय कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागल्यावर बाकी सारखीच उरते. म्हणून इथे ती बेरीज नवाच्या पाढ्यातलीच हवी. उरल्या सहा शक्यता. ९ आणि १८ जमत नाहीत. २७ वजा केले की ४२१९७४, आणि त्याच्या अंकांची बेरीज बरोबर २७. जनक सापडली! देवळालीचा पिनकोड ४२२४०१; तो हर्षद नाही, पण ४२२३८१ ही त्याची जनक आहे.

हे गुण संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत, हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही आहे. अवयव कुठल्याही पद्धतीत तेच राहतात, अंकांची बेरीज बदलते. म्हणून ४२२००१ मी द्विमान पद्धतीत लिहून पाहिली: ११००१११०००००१११०००१. त्यात एक किती वेळा येतो ते मोजा. नऊ वेळा. म्हणजे तिथेही ती हर्षदच. यामागे कुठला नियम नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय तो दिसला नसता.