इब्न सीनाची मुखपुनर्रचना

इब्न सीनाची मुखपुनर्रचना : वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सीना (९८०–१०३७) प्रत्यक्षात कसा दिसत असावा, याचा कवटी, समकालीन लिखाण आणि त्या काळच्या वस्तू यांच्या आधारे बांधलेला अंदाज. बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी जन्मलेला व इराणातील हमदान येथे वारलेला हा विद्वान पुस्तकांवर आणि टपाल तिकिटांवर पगडी, आखूड दाढी व रेखीव नाक अशा ठरावीक रूपात दिसतो. हे रूप हाडांवरून आलेले नाही. शिल्पकार-चित्रकार अबुल हसन सदीकी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास इराणच्या राष्ट्रीय वारसा मंडळासाठी ते रेखाटले. हमदानच्या चौकातील संगमरवरी पुतळाही त्यांचाच. कलाकृती म्हणून दोन्ही उत्तम आहेत, मात्र पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही. पुनर्रचना करणाऱ्याने काम संपेपर्यंत ती नजरेआड ठेवावीत, कारण ओळखीचा चेहरा नकळत बोटांत उतरतो.

त्याच्या हयातीतले एकही चित्र उरलेले नाही. फारसी लेखक निजामी अरूजीने बाराव्या शतकात ‘चहार मकाला’त एक हकीकत दिली आहे. महमूद गझनीच्या बोलावण्याला नकार देऊन इब्न सीना निघून गेला, तेव्हा महमूदाने गणिती अबू नसर इराक याच्याकडून त्याचे चित्र काढून घेतले, त्याच्या ४० नकला करवल्या आणि त्या शोधासाठी चहूकडे पाठवल्या. हकीकत शतकभरानंतर लिहिलेली आहे, म्हणून ती जपूनच घ्यावी लागते. नंतरच्या हस्तलिखितांतील चित्रेही कामाची नाहीत. मंगोल अमलानंतर इराणी लघुचित्रांत गोल चेहरा व निमुळते डोळे हा संकेत रुळला आणि अरब वैद्य असो की ग्रीक तत्त्वज्ञ, साऱ्यांना तोच चेहरा मिळाला.

कवटी कोणाची?

पहिले काम ओळख पटवण्याचे, आणि इथेच सर्वाधिक घाई होते. हमदानच्या समाधीत इब्न सीनाशेजारी त्याचा स्नेही अबू सईद दखदूक याचीही कबर आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्या समाधीची पुनर्बांधणी झाली. वास्तुविशारद हुशंग सैहून यांच्या आराखड्यानुसार नवी समाधी उभी करण्यासाठी १९५० च्या सुमारास कबरी हलवल्या गेल्या, तेव्हा कवटीची छायाचित्रे घेतली गेली. नव्या वास्तूचे उद्घाटन १९५४ मध्ये झाले. अवशेष नंतर इस्फहानला नेल्याचे सांगणारी जुनी नोंदही आहे. त्यामुळे कवटीचे वय, लिंग आणि आजाराच्या खुणा चरित्राशी जुळतात का, हे आधी तपासावे लागते. उलुघ बेगच्या बाबतीत हे काम सोपे झाले. जून १९४१ मध्ये समरकंदच्या गूर-ए-अमीर या समाधीत सोव्हिएत मानवशास्त्रज्ञ मिखाइल गेरासिमोव यांच्या पथकाला शस्त्राने कापलेला मानेचा मणका मिळाला, आणि या खगोलज्ञ राजाचा १४४९ मध्ये शिरच्छेद झाल्याचे इतिहासात नोंदलेलेच होते. इब्न सीना आजाराने वारला. आतड्याचा आजार हाडावर असा नेमका पुरावा सोडत नाही.

छायाचित्रावरून काम

कवटी हाती नसेल, तर छायाचित्रातील दोष आधी ओळखावे लागतात. कॅमेरा जवळ असेल तर नाकाचा भाग फुगतो आणि कानाकडचा भाग आक्रसतो. सोबत मोजपट्टी नसेल तर मिलिमीटरमध्ये एकही माप खात्रीने निघत नाही, फक्त प्रमाणे काढता येतात. कवटी ‘फ्रँकफर्ट पातळीत’, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत येतील अशी, धरलेली असावी. ती मागे कलली असेल तर हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते आणि कपाळ मागे सरकते. समोरून व बाजूने अशी किमान दोन चित्रे लागतात. एकाच चित्रावरून केलेल्या चेहऱ्यात खोली सर्वस्वी अंदाजाची असते. खालचा जबडा गहाळ असेल, तर चेहऱ्याचा खालचा तृतीयांश भागही तसाच अंदाजाचा ठरतो.

मांस चढवणे

कवटीच्या प्रतिकृतीवर ठरावीक बिंदूंवर खुंट्या बसवतात. खुंटीची उंची म्हणजे त्या ठिकाणच्या मांस-त्वचेची सरासरी जाडी. प्रौढ माणसात ही जाडी दोन भुवयांच्या मध्ये सुमारे ५.५ मिमी., नाकाच्या हाडाच्या टोकाशी ३ मिमी., वरच्या ओठाशी व हनुवटीच्या पुढच्या भागाशी सुमारे ११ मिमी. असते. गालाच्या चावण्याच्या स्नायूवर ती बरीच जास्त, पण माणसागणिक सर्वांत अस्थिर असते. म्हणून एकाच कवटीवरून दोन अनुभवी कारागिरांनी घडवलेल्या चेहऱ्यांचे गाल वेगळे निघतात, कपाळे मात्र जुळतात.

नाकासाठी गेरासिमोव यांची दोन रेषांची रीत वापरतात. नाकाच्या हाडाच्या शेवटच्या तुकड्याच्या दिशेने एक रेषा आणि नाकाच्या तळाशी असलेल्या अस्थिकाट्याच्या दिशेने दुसरी. त्या मिळतात तिथे नाकाचे टोक. हा काटा अतिशय नाजूक असतो आणि जुन्या कवटीत बहुधा मोडलेला असतो. तो मोडका असताना रेषा ओढली, तर नाक हवे तसे लांब-आखूड होते आणि पाहणाऱ्याला चूक कळतही नाही. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिमी. व्यासाचा धरतात. जुन्या पद्धतीत तो खोबणीत फार आत बसवला जाई. अलीकडच्या मोजमापांनुसार त्याचा पुढचा भाग खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे १६ मिमी. पुढे असतो. हा फरक छोटा वाटतो, पण त्याने डोळे खोल गेलेला, थकलेला चेहरा ताजातवाना होतो. तोंडाची रुंदी सुळ्यांमधल्या अंतरावरून काढतात. ते अंतर तोंडाच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते. कानाबद्दल हाड जवळपास काहीच सांगत नाही. दाढीच्या केसांबद्दल तर काहीच नाही.

कोणत्या वयाचा चेहरा?

जाडीची कोष्टके धडधाकट माणसांवरून तयार झालेली आहेत, तर इब्न सीना पोटशूळाने खंगून ५७ व्या वर्षी गेला. शिष्य अबू उबैद जूजजानी याने लिहिलेल्या चरित्रात या आजाराचा बारीक तपशील आहे. एका दिवसात आठ वेळा बस्ती (गुदद्वारातून दिले जाणारे औषध) घेतल्याने त्याच्या आतड्याला जखमा झाल्या. बस्तीत दोन दानक (जुने वजन) अजमोदाचे बी घालायला त्याने सांगितले होते, वैद्याने पाच दिरहम घातले. सहा दानकांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरा पट झाली. अखेरीस त्याला उभेही राहवेना. मृत्यूसमयीचा चेहरा दाखवायचा तर गालाच्या व कानशिलाच्या खुंट्या कमी कराव्यात. इस्फहानच्या दरबारातील चाळिशीतला माणूस दाखवायचा तर त्या सरासरीवर ठेवून सुरकुत्या कमी कराव्यात. दोन्ही एकाच मूर्तीत मिसळणे ही सर्रास होणारी चूक आहे.

उंची मांडीच्या हाडावरून निघते. ट्रॉटर-ग्लेसर सूत्रानुसार २.३८ × हाडाची लांबी + ६१.४१ सेंमी., आणि चूक अधिक-उणे ३.२७ सेंमी. उदाहरणार्थ, ४५ सेंमी. हाडासाठी १६८.५ सेंमी. येते. वयाच्या तिशीनंतर दरवर्षी ०.०६ सेंमी. वजा करायचे, म्हणजे ५७ व्या वर्षी १६६.९. सूत्र गोऱ्या अमेरिकी पुरुषांच्या हाडांवरून बसवलेले असल्याने खुरासान-मध्य आशियातील माणसाला ते लावताना चुकीची मर्यादा रुंद धरावी.

त्वचा, केस व डोळ्यांचा रंग कळण्यासाठी डीएनए लागतो आणि त्यासाठी आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडाची भुकटी सर्वांत चांगली. ‘हायरिसप्लेक्स-एस’ या चाचणीत ४१ जनुकीय खुणा तपासतात. निळे वा गडद तपकिरी डोळे ती बऱ्यापैकी ओळखते, मधल्या छटांवर चुकते. छायाचित्रावरून केलेल्या कामात यातले काहीच नसते. अशा वेळी मूर्ती एकरंगी ठेवावी. गव्हाळ वर्ण आणि तपकिरी डोळे चढवले की पाहणारा तेही हाडावरून निघाले असे समजतो.

पोशाख

पोशाखाबाबत आपण अधिक ठाम बोलू शकतो, कारण खुद्द इब्न सीनानेच लिहून ठेवले आहे. मध्य आशियातील गुरगंजच्या दरबारात तो फकिहांच्या (इस्लामी कायदेपंडितांच्या) वेशात गेला होता. डोक्या-खांद्यांवर तैलसान हे उपरणे आणि पगडीचा पदर हनुवटीखालून घेतलेला. पुढे हमदानहून इस्फहानला निसटताना त्याने सूफीचा वेश घेतला. या हनुवटीखालच्या पदराने गळा आणि जबड्याची कड झाकली जाते, म्हणजे जिथे पुनर्रचना सर्वांत कच्ची असते नेमका तोच भाग. त्यामुळे वस्त्रासह एक आणि वस्त्राविना एक अशा दोन मूर्ती कराव्यात.

कापडाचा घेर, बाही व कडा यांसाठी इराणातील निशापूरच्या उत्खननातील भांडी आणि भित्तिचित्रे पाहावीत. अफगाणिस्तानातील लश्करी बाजारच्या गझनवी राजवाड्यात अकराव्या शतकातील रक्षकांची चित्रे मिळाली. दंडावरच्या नक्षीदार पट्ट्या त्यांत स्पष्ट दिसतात, पण ते सैनिक आहेत. त्यांचे कमरपट्टे विद्वानाला बांधू नयेत. इराणातील सफवी घराण्याच्या काळची उभ्या लाल दांड्याची पगडी तर पाचशे वर्षे पुढची आहे आणि तरीही ती अशा चित्रांत वारंवार शिरते.

गणिती ख्वारिज्मी आणि विद्वान अल्-बिरूनी यांच्या बाबतीत मापायला कवटीच नाही. १९८३ च्या सोव्हिएत तिकिटावरचा ख्वारिज्मीचा चेहरा पूर्णपणे चित्रकाराचा आहे. अशा विद्वानांची पुनर्रचना पोशाख, लेखणी-दौत आणि बसण्याची ढब इथपर्यंतच न्यावी, आणि चेहरा कोरा सोडावा.